कठड्यावरची कुंडी पडून माणूस जखमी झाला. माझी जबाबदारी कुठपर्यंत?

मोगरा

नमस्कार. मी इथे एरवी बागकामाच्या धाग्यांवर असते. आजचा प्रश्न वेगळा आहे आणि लिहायला घेऊन मी दोनदा पुसून टाकलाय.

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरीला रुंद कठडा आहे. अकरा दिवसांपूर्वी संध्याकाळी सोसाट्याचा वारा सुटला आणि कठड्यावरची मातीची मोठी कुंडी खाली गेली. खाली वीजमीटरचं रीडिंग घ्यायला आलेला एक तरुण उभा होता. कुंडी डोक्यात पडली नाही, डाव्या खांद्यावर आदळली. त्याचं कॉलरबोन मोडलं. तुकडे उडून खालच्या काकूंच्या स्कूटरचा दिवाही फुटला.

आता जे सांगायला जड जातंय ते सांगते. ती कुंडी तिथे मी ठेवली नव्हती. दर गुरुवारी एक माळी येतो, तो आजूबाजूच्या पाच-सहा घरांची झाडं बघतो. ऊन मिळावं म्हणून त्याने चार कुंड्या कठड्यावर नेऊन ठेवल्या. मी ते पाहिलं होतं. खालच्या काकू मला दोनदा म्हणाल्या होत्या, "अगं, ती एक दिवस खाली येईल." मी दोन्ही वेळा "हो, हलवते" म्हटलं आणि हलवली नाही.

त्या मुलाच्या त्याच खांद्यात जुन्या अपघातानंतर बसवलेली धातूची पट्टी होती. ती वाकली. त्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि दीड महिन्याचं दुखणं तीन-चार महिन्यांवर गेलं. तो कंत्राटावर आहे, जितकी रीडिंग तितके पैसे. शिवाय कायम नोकरीसाठी लेखी परीक्षा पास होऊन पुढच्या आठवड्यात त्याची मुलाखत होती, तीही हुकली.

त्याच्या भावाने यादी पाठवली आहे. दवाखाना, बुडालेली मजुरी, त्या कायम नोकरीचा आयुष्यभराचा पगार आणि भावाने स्वतः घेतलेल्या रजांचे पैसे.

माझे दीर म्हणतात, वारा होता, दैवी आपत्ती आहे, एक पैसा द्यायची गरज नाही. शेजारचे म्हणतात, माळ्याची चूक आहे, त्याच्याकडे बोट दाखवा. तिसरे एक म्हणतात, दवाखान्यात भेटायला जाऊ नका, गेलात की गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. मी अजून गेलेले नाही आणि रात्री झोप लागत नाही.

मला सुटका नको आहे. माझ्या वाट्याला खरोखर किती येतं, ते समजून घ्यायचंय.

स्पष्टच

ताई, वाऱ्यावर कुणाचा ताबा असतो का? तुम्ही काही कुंडी ढकलली नाहीत. हेतू नसेल तर गुन्हा नाही. उगाच स्वतःला त्रास करून घेऊ नका. आणि तो मुलगा खाली उभा राहून मोबाइल बघत असणार, तेही विचारा.

जुनी सनद

मोगराताई, मी तीस वर्षं दिवाणी दावे चालवले, त्यातले बरेचसे अंगावर काहीतरी पडून, कशाला तरी धडकून जखमी झालेल्यांचे. तुम्ही जे लपवता आलं असतं तेच आधी सांगितलंत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते.

आधी 'स्पष्टच' यांच्या मुद्द्याबद्दल. हेतू नाही म्हणून गुन्हा नाही, हे एका मर्यादेत बरोबर आहे. पण तुमचा प्रश्न गुन्ह्याचा नाहीच. फौजदारी कायदा विचारतो, या माणसाला शिक्षा करायची का? अपकृत्याचा कायदा, ज्याला सगळे टॉर्ट म्हणतात, तो विचारतो, हे नुकसान झालंय खरं, मग ते ज्याच्या अंगावर पडलं त्यानेच सोसायचं की दुसऱ्या कुणी भरून द्यायचं? तिथे तुम्ही दुष्ट आहात का, याला जवळजवळ महत्त्व नाही. अतिशय सज्जन माणसं या कायद्यात हरतात. मी हरवलेली आहेत.

निष्काळजीपणाच्या दाव्यात जखमी माणसाला चार गोष्टी दाखवाव्या लागतात. तुमच्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, ते तुम्ही पाळलं नाही, त्यामुळेच इजा झाली, आणि ती इजा फार दूरची, कल्पनेबाहेरची नव्हती. वकिलांचा बहुतेक वेळ दुसऱ्या आणि चौथ्या गोष्टीवर जातो.

कर्तव्यावर तुमच्या बाबतीत वाद होणार नाही. १९३२ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर, डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला आला होता. एका बाईंना मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली, ती अपारदर्शक बाटलीत होती, आणि अर्धी प्यायल्यावर उरलेल्यातून कुजलेली गोगलगाय निघाल्याचं त्यांचं म्हणणं होतं. बाटली त्यांनी स्वतः विकत घेतली नव्हती, म्हणजे करार कुणाशीच नाही. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी विचारलं, कायद्याच्या नजरेत माझा शेजारी कोण? आणि उत्तर दिलं की माझ्या वागण्याचा ज्याच्यावर इतका जवळून परिणाम होतो की वागतानाच तो माझ्या डोळ्यांसमोर असायला हवा, तो. तुमच्या कठड्याखालून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तुमचा असा शेजारी आहे. त्याचं नाव तुम्हाला माहीत असायची गरज नाही.

कर्तव्य मोडलं का? इथे मापदंड असतो सर्वसाधारण शहाणपणाच्या माणसाचा, तुमच्या स्वतःच्या समजुतीचा नव्हे. यासाठी मला नेहमी १८३७ चा व्हॉन विरुद्ध मेनलव्ह आठवतो. एका शेतकऱ्याने वाळलेल्या गवताची गंजी शेजाऱ्याच्या घरांजवळ हद्दीला लागून रचली. ती आतून तापतेय, पेट घेईल, असं लोकांनी त्याला पाच आठवड्यांत वारंवार सांगितलं. तो म्हणाला, बघू काय होतं ते. गंजी पेटली, शेजाऱ्याची घरं जळाली. त्याच्या वकिलाचं म्हणणं असं की बिचारा बुद्धीने बेताचा आहे, त्याने त्याच्या अकलेनुसार प्रामाणिकपणे केलं. न्यायालय म्हणालं, तसं मोजू लागलो तर कायद्याचं माप प्रत्येकाच्या पावलाच्या लांबीइतकं बदलतं राहील.

काकूंनी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. ताई, दाव्यात तुमच्या विरुद्ध सगळ्यात जड काय ठरेल तर ती दोन वाक्यं. आणि ती तुम्ही आपणहून इथे लिहिलीत.

वाऱ्याचा मुद्दा उद्या लिहिते, बोटं थकली.

तिसरं सत्र

कायद्याच्या तिसऱ्या सत्रात आहे, याच विषयाची परीक्षा आहे म्हणून हा धागा वाचतोय. मॅडम, इथे 'रेस इप्सा लोक्विटुर' लागू होईल ना? म्हणजे घटनाच बोलते. बर्न विरुद्ध बोडल, १८६३, लिव्हरपूल. रस्त्याने चालणाऱ्या माणसावर वरच्या मजल्यावरून पिठाचं पिंप पडलं. कुणाची नेमकी काय चूक झाली हे त्याला सांगता येईना. न्यायाधीश पोलॉक म्हणाले की गोदामातून पिंप कुणाच्या तरी निष्काळजीपणाशिवाय आपोआप बाहेर पडत नाही, आणि ते कसं पडलं हे मालकाने सांगावं. कुंडीचंही तेच.

जुनी सनद

'तिसरं सत्र', तत्त्व बरोबर पकडलंत, पण ते इथे फारसं लागणार नाही. काय घडलं ते कुणालाच माहीत नसतं तेव्हा ते उपयोगी पडतं. इथे मोगराताईंनी सगळं सांगितलंय. पुरावा समोर असताना अनुमानाकडे जायचं नाही. परीक्षेत हे वाक्य लिहा, गुण मिळतील.

आता वारा. दैवी आपत्तीचा बचाव खरा आहे, पण दार फार अरुंद आहे. १८७६ च्या निकोल्स विरुद्ध मार्सलंडमध्ये तो यशस्वी झाला. एका बाईंच्या जमिनीवर ओढा अडवून केलेली शोभेची तळी होती. कुणाच्याही आठवणीत नाही असा पाऊस झाला, बांध फुटले, खालचे चार पूल वाहून गेले. बांधात दोष नव्हता आणि असा पाऊस येईल असं कुणाला वाटणं शक्य नव्हतं, असा निष्कर्ष ज्यूरीने काढला, म्हणून त्या सुटल्या. पुढे १९१७ च्या ग्रीनॉकच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने या निकालाबद्दलच शंका घेतली. मग संध्याकाळचा सोसाट्याचा वारा? वारा सुटतो हे लहान मुलालाही ठाऊक असतं. कठड्यावर कुंडी ठेवू नये याचं कारणच मुळात वारा आहे. ज्या धोक्यासाठी काळजी घ्यायची, तोच धोका बचाव म्हणून पुढे करता येत नाही.

कायदा अगदी दुर्मीळ धोक्यांसाठी मात्र माणसाला वेठीला धरत नाही. १९५१ च्या बोल्टन विरुद्ध स्टोनमध्ये क्रिकेटच्या मैदानाबाहेर आलेला चेंडू एका बाईंना लागला. सुमारे ३० वर्षांत चेंडू तितक्या लांब ५-६ वेळाच गेला होता आणि मैदानाला उंच कुंपण होतं. क्लब जबाबदार नाही, असं ठरलं. म्हणजे धोका किती संभवतो, झालाच तर किती गंभीर, आणि टाळायला किती खर्च, हे सगळं एकत्र तोलतात. तुमच्या बाबतीत टाळायचा खर्च काय होता? कुंडी उचलून दोन पावलं आत.

मोगरा

सनदताई, "दोन पावलं आत" वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. पण आभार. कुणीतरी सरळ सांगायला हवं होतं.

माळ्याचं सांगा. तो गरीब माणूस आहे, त्याच्या गळ्यात हे जाऊ नये असं मला वाटतं. पण कायद्याने कुणाकडे जातं ते कळायला हवं. आणि भावाच्या यादीचं काय?

वाटसरू

मी वकील नाही. मी त्या मुलाच्या जागी होतो, म्हणून लिहितो.

सहा वर्षांपूर्वी सायकलवरून जाताना एका इमारतीच्या परांचीवरून फळी निसटून माझ्या पाठीवर पडली. दोन मणके दबले. पाच महिने अंथरुणावर. त्या पाच महिन्यांत जबाबदार माणसांपैकी एकही जण आला नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, की गेलात तर अंगाशी येईल. मला पैशांची गरज होतीच, घर थांबलं होतं. पण दावा लावायचं मी ज्या दिवशी ठरवलं तो दिवस मला आठवतो. ठेकेदाराचा माणूस माझ्या घरावरून गेला आणि त्याने मान दुसरीकडे वळवली.

तडजोड व्हायला तीन वर्षं लागली. तेव्हा ठेकेदार म्हणाला, "मला यायचं होतं, वकिलाने अडवलं." तोवर उशीर झाला होता.

मोगराताई, तुम्ही जा. पण रिकाम्या आश्वासनांसाठी जाऊ नका, कागद घेऊन जा. पावत्या, डिस्चार्जचा कागद, गेल्या काही महिन्यांची त्याची कमाई दाखवणारं काहीतरी, यांच्या प्रती मागा. मला स्वतःची औषधांची बिलं जुळवता जुळवता सगळ्यात जास्त त्रास झाला. दुखत असताना पावत्या कोण जपून ठेवतं? समोरच्याने मदत केली असती तर मी त्याला आयुष्यभर विसरलो नसतो.

जुनी सनद

वाटसरू, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. मी प्रतिवादींची वकील असताना "जाऊ नका" असं सांगितलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा. तेव्हा तो सावधपणा वाटायचा. आज मी तसं सांगणार नाही. कायदाही त्या दिशेने सरकला आहे. इंग्लंडच्या २००६ च्या भरपाई कायद्यात स्पष्ट म्हटलंय की नुसती माफी मागणं किंवा उपचारांची तयारी दाखवणं म्हणजे निष्काळजीपणाची कबुली होत नाही. कॅनडाच्या बऱ्याच प्रांतांत माफीचे वेगळे कायदे आहेत. सगळीकडे असं कलम नाही, म्हणून ताई, आपल्याकडे काय आहे ते स्थानिक वकिलाला विचारा. पण "तुला लागलं याचं मला फार वाईट वाटतंय" हे वाक्य कुठल्याही देशात बोलता येतं.

आता माळी. दोन प्रश्न वेगळे करा. पहिला, तो तुमचा नोकर आहे की स्वतंत्र काम करणारा? नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीला मालक जबाबदार असतो, मालकाची स्वतःची चूक असो वा नसो. तुमचा माळी पाच-सहा घरं करतो, अवजारं त्याची, वेळ त्याची. तो स्वतंत्र ठरण्याची शक्यता जास्त, आणि स्वतंत्र माणसाच्या चुकीचा भार साधारणपणे काम देणाऱ्यावर येत नाही.

इथे तुमच्या शेजारच्यांना वाटेल की सुटलो. पण दुसरा प्रश्न राहतोच, तुमचं स्वतःचं कर्तव्य. १८७६ चा टॅरी विरुद्ध अ‍ॅश्टन बघा. एका घराचा मोठा दिवा रस्त्यावर झुकलेला होता. मालकाने तो दुरुस्त करायला जाणता कारागीर नेमला. कारागिराने काम नीट केलं नाही, दिवा निसटून खालून जाणाऱ्या बाईंवर पडला. मालक म्हणाला, मी माणूस नेमला होता. न्यायालय म्हणालं, रस्त्यावर लोंबणारी वस्तू सुस्थितीत ठेवणं हे तुझं कर्तव्य, ते दुसऱ्यावर सोपवून संपत नाही. आणि तो मालक तर तुमच्यापेक्षा निर्दोष होता. तुम्ही ती कुंडी रोज पाहत होतात.

माळ्याचीही चूक आहेच. दोघांच्या चुकीने एकच इजा झाली तर जखमी माणूस पूर्ण रक्कम कुणा एकाकडूनही मागू शकतो, असा बऱ्याच देशांत नियम आहे, आणि ज्याने भरली तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो. मागायलाच हवा असं मात्र नाही. तुम्हाला माळ्याकडून वाटा घ्यायचा नसेल, तर तो हक्क सोडायला तुम्हाला कुणी अडवत नाही.

हे सगळं फार जुनं आहे. रोमन सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या 'इन्स्टिट्यूट्स' या कायद्याच्या पाठ्यपुस्तकात घरातून खाली पडणाऱ्या वस्तूंवर वेगळा नियमच आहे. घरातून काही फेकलं किंवा ओतलं गेलं आणि कुणाला लागलं, तर त्या घरात राहणारा जबाबदार, मग फेकणारा कुणीही असो. कारण रस्त्यावरच्या माणसाने वर बघून फेकणारा शोधायचा कसा? आणि पुढचा भाग मला विशेष आवडतो. वाटेवर पडून इजा होईल अशी वस्तू वर नुसती ठेवलेली किंवा टांगलेली असली तरी १० सुवर्णनाण्यांचा दंड. वस्तू पडायची वाट बघायची नाही.

भरपाई कशी मोजायची हेही त्या रोमन लोकांनी ठरवलं होतं. वैद्याचा खर्च, बुडालेलं काम, पुढे बुडणारं काम. व्रण राहिला त्याचे पैसे मात्र नाहीत, कारण गुलाम नसलेल्या, स्वतंत्र माणसाच्या शरीराची किंमत करता येत नाही. कारण उदात्त आहे, पण त्यात जखमी माणूस उपाशी राहतो. आजची बहुतेक न्यायालयं वेदना आणि व्यंग यांचेही पैसे देतात, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

स्पष्टच

मी वर घाईने लिहिलं होतं, ते मागे घेतो. पण एक खरंच विचारायचंय. त्याच्या खांद्यात आधीच पट्टी होती, हे ताईंना कसं माहीत असणार? धडधाकट माणूस दीड महिन्यात उभा राहिला असता. वरच्या दोन महिन्यांचं ओझं ताईंवर का?

जुनी सनद

या प्रश्नावर मी ऐन उमेदीच्या काळात एक दावा हरले होते, तेव्हापासून तो पाठ आहे.

नियम असा की ज्याला इजा केली तो जसा असेल तसा स्वीकारायचा. इंग्रजीत याला अंड्याच्या कवचासारख्या कवटीचा नियम म्हणतात. स्मिथ विरुद्ध लीच ब्रेन या खटल्यात एका कामगाराच्या ओठावर वितळलेल्या धातूचा थेंब उडाला. भाजलं तेवढंसंच. पण त्या ठिकाणी आधीपासून कर्करोगाकडे झुकलेल्या पेशी होत्या, भाजण्याने तो जागा झाला, आणि तीन वर्षांत तो माणूस गेला. मालक म्हणाला, एवढ्याशा चटक्याने माणूस मरेल हे कुणाला वाटेल? न्यायालय म्हणालं, चटका बसेल हे वाटायला हवं होतं ना? मग त्याचं पुढे जे झालं ते तुमच्याकडे.

ताई, म्हणजे जुनी पट्टी, दुसरी शस्त्रक्रिया आणि वाढलेले महिने तुमच्या बाजूला येतात. जुन्या दुखण्यापायी ती पट्टी कधीतरी काढावी लागणारच होती, असं डॉक्टरांच्या कागदांतून दिसलं तर तेवढ्या भागाचा विचार होतो. पण ते डॉक्टर सांगतील, आपण धरून चालायचं नाही.

आयुष्यभराच्या पगाराची गोष्ट वेगळी. इथे दूरत्वाचा नियम येतो, म्हणजे परिणाम किती दूरपर्यंतचे भरून द्यायचे याचा. १९२१ च्या पोलेमिस खटल्यात एका जहाजाच्या तळात फळी पडली, ठिणगी उडाली, पेट्रोलच्या वाफांनी जहाजच जळून गेलं, आणि प्रत्यक्ष परिणाम म्हणून सगळं भरून द्यावं लागलं. चाळीस वर्षांनी, १९६१ मध्ये, 'वॅगन माउंड' या जहाजाच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपील न्यायालयाने हे बदललं. सिडनीच्या बंदरात तेल सांडलं होतं, वेल्डिंगच्या कामात ते पेटलं आणि धक्का जळाला. पाण्यावरचं ते तेल पेटेल असं कुणाला वाटणं शक्य नव्हतं, असं पुराव्यात आलं, म्हणून आगीची जबाबदारी नाही. त्यानंतर प्रश्न असा विचारतात, या प्रकारचं नुकसान होऊ शकतं हे आधी सुचण्यासारखं होतं का?

जखमी माणसाची कमाई बुडते, हे सुचण्यासारखंच आहे. म्हणून मुलाखत हुकली हा मुद्दा झटकून टाकू नका. पण मुलाखत म्हणजे नोकरी नव्हे, ती एक संधी होती. पदं किती, उमेदवार किती, पुन्हा मुलाखत मिळते का, हे बघावं लागतं. आयुष्यभराचा पूर्ण पगार कुणी देणार नाही, आणि शून्यही म्हणणं अन्यायाचं. आधी एक साधी गोष्ट करून बघा. त्या कार्यालयाला डॉक्टरांच्या दाखल्यासह पत्र लिहून मुलाखतीची तारीख पुढे मागता येते का? नुकसान वाढू नये म्हणून वाजवी प्रयत्न करणं हे जखमी माणसाचंही काम आहे, पण एका हाताने तो कितीसं करणार? पत्र लिहायला तुम्ही मदत करा.

भावाच्या रजा. शुश्रूषेसाठी लागलेला वेळ बऱ्याच ठिकाणी जखमी माणसाच्या भरपाईत धरतात. यादीतली ही ओळ मला अवाजवी वाटत नाही.

मोबाइलचा मुद्दा राहिला. जुन्या काळी जखमीची थोडी जरी चूक असली तरी त्याला काहीच मिळत नसे. १८०९ च्या एका खटल्यात रस्त्यात दांडा आडवा टाकणारा सुटला, कारण घोडेस्वार संध्याकाळी भरधाव आला होता. आता चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी करतात. १९७५ मध्ये सीटबेल्ट न लावणाऱ्याची भरपाई इंग्लंडमध्ये कमी करताना असं ठरलं की पट्ट्याने इजा पूर्ण टळली असती तर २५ टक्के कपात. पण मीटरच्या पेटीसमोर आपल्या कामासाठी उभ्या असलेल्या माणसाने वर बघत राहावं, अशी अपेक्षा कोण करेल? तिथे कपात नाही.

आणि काकूंच्या स्कूटरचा दिवा आजच्या आज बदलून द्या. त्यात काही कायदा नाही.

एक विचारायचं राहिलं. माळ्याने चार कुंड्या ठेवल्या होत्या म्हणालात. उरलेल्या तीन कुठे आहेत?

तिसरं सत्र

एक शंका. पोलिसांनी काही केलं नाही, किंवा फौजदारी खटल्यात सुटका झाली, तर दिवाणी दावा पडतो का?

जुनी सनद

पडत नाही. मोजमापच वेगळं आहे. फौजदारीत वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. दिवाणीत दोन्ही बाजू तोलून कुठली जास्त संभाव्य वाटते तेवढं पुरतं. अमेरिकेतले फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन खुनाच्या आरोपातून १९९५ मध्ये फौजदारीत निर्दोष सुटले आणि १९९७ मध्ये त्याच मृत्यूंसाठी दिवाणी ज्यूरीने त्यांना जबाबदार धरलं. आणि दावा हाच एक मार्ग आहे असंही समजू नका. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघाती इजेची भरपाई एका सार्वजनिक योजनेतून मिळते, कुणाची चूक हे विचारत नाहीत, आणि त्या इजेसाठी भरपाईचा दावा सहसा लावताच येत नाही. मला ती पद्धत जखमी माणसाच्या दृष्टीने जास्त दयाळू वाटते, पण तो मोठा विषय आहे, वेगळा धागा काढा.

मोगरा

काल गेले होते.

मी दारात उभी राहिले तेव्हा त्याच्या आईने मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, खुर्ची पुढे केली. मी ठरवलेली वाक्यं विसरले. एवढंच म्हटलं की कुंडी माझी होती, मला सांगितलेलं होतं, मी हलवली नाही. त्याचा भाऊ भांडायच्या तयारीने उभा होता, तो खाली बसला.

वाटसरू, तुम्ही म्हणालात तसं झालं. पावत्या एका पिशवीत कोंबलेल्या होत्या. भावाने आणि मी मिळून तारखेप्रमाणे लावल्या. अर्ध्या गोष्टी यादीत त्याने लिहिल्याच नव्हत्या, रिक्षाचे पैसे, फिजिओथेरपी. त्या आम्ही घातल्या. आयुष्यभराच्या पगाराची ओळ त्याने स्वतःच खोडली आणि तिथे "मुलाखत" एवढं लिहून प्रश्नचिन्ह केलं. कार्यालयाला पत्र लिहिलं, त्या मुलाने उजव्या हाताने सही केली.

मी थोडी रक्कम देऊ केली आणि कागदावर सगळं मिटलं असं लिहून घेऊ का, असं विचारणार होते. पण थांबले. ते कधी करायचं?

जुनी सनद

थांबलात हे फार चांगलं केलंत. "पूर्ण आणि अंतिम" असा कागद आत्ता करू नका. खांदा किती वर जातो हे डॉक्टर अजून सांगू शकत नाहीत. आज मिटवलं आणि सहा महिन्यांनी हात अर्धाच उचलता आला, तर तो कागद त्याच्यावर अन्याय करेल. आत्ता द्याल ती रक्कम "भरपाईपोटी आगाऊ" असं लिहून द्या, पावती घ्या. शेवटचा करार करताना त्याने स्वतःचा वकील बघावा, तुमचा नव्हे, आणि त्या वकिलाची फी तुम्ही देऊ केलीत तर उत्तम. दावा लावायला मुदत असते, देशागणिक वेगळी. ती उलटू नये म्हणून त्याच्या वकिलाने तारीख लिहून ठेवावी, हे तुम्हीच त्याला सांगा. घराचा विमा असेल तर त्यात तिसऱ्या व्यक्तीच्या इजेचं कलम आहे का ते आजच वाचा आणि विमा कंपनीला लगेच कळवा. उशिरा कळवलं म्हणून नाकारलेले दावे मी पाहिलेत. काही लिहून देण्याआधी त्यांना विचारावं लागतं, अशी अटही अनेकदा असते.

आणि त्या तीन कुंड्या?

मोगरा

त्या त्याच रात्री आत घेतल्या, हाताला थरथर सुटली होती तरी.

विम्याचा कागद सापडला, कलम आहे. आज सकाळी कळवलं.

तुमचा तो दहा नाण्यांचा दंड वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. माळ्याला बोलावून त्याच्याबरोबर त्याच्या बाकीच्या घरी जाऊन आले. दोन ठिकाणी कुंड्या कठड्यावर होत्या. एका घरच्या आम्ही दोघांनी उतरवल्या. दुसऱ्या घराला कुलूप होतं. दाराला चिठ्ठी लावलीय, उद्या परत जाऊन बघते.